पन्नाशीनंतरच्या उसणी, लचक आणि पडझड: शरीर कुठे कमी पडतं आणि ते कसं भरून काढायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५८. रोज पाऊण तास चालणं होतं, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, बाकी आजार नाही. तरी वर्षभरात तीन दुखापती झाल्या. सकाळी उठल्या उठल्या भरलेली बादली उचलताना कंबरेत उसण भरली. बस सुटू नये म्हणून धावताना पोटरीत कळ आली. गाडीत पुढच्या सीटवर बसल्या बसल्या मागची बॅग ओढली आणि खांदा दुखावला. आता व्यायाम वाढवायचा की जपून राहायचं?

व्यायाम वाढवायचा. फक्त चालणं वाढवून भागणार नाही.

तिन्ही प्रसंगांत काम तसं किरकोळ होतं. बादली पंधरा किलोच्या आतबाहेरची, धाव पन्नासेक पावलांची, बॅग सात-आठ किलोची. पण ज्या भागाकडून ते काम अचानक मागितलं गेलं, त्या भागाला गेल्या कित्येक महिन्यांत त्याची सवय राहिली नव्हती. वयाबरोबर येणाऱ्या रोजच्या दुखापतींचं मूळ बहुतेक वेळा या तफावतीत असतं: शरीराची तयारी एवढी आणि मागणी अचानक तेवढी. तिशीत ही तफावत शरीर खपवून घेतं, कारण शिल्लक भरपूर असते. पुढे शिल्लक घटत जाते आणि तेच काम मर्यादेबाहेर जातं. जपून राहिलं की मागणी कमी होते, पण तयारी त्याहून लवकर कमी होते. म्हणून नुसतं जपणं हा तोट्याचा सौदा आहे.

आत काय बदलतं ते कळलं की पुढचं सगळं पटतं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद वस्तुमानापेक्षा लवकर घटते आणि ताकद झटकन वापरण्याची क्षमता त्याहूनही लवकर. याचं कारण असं की स्नायूंत संथ आणि वेगवान असे दोन प्रकारचे तंतू असतात आणि आक्रसण्यात पुढे असतात ते वेगवान तंतू. पाय अडखळला तर दुसरा पाय पटकन पुढे टाकून तोल सावरणं हे त्यांचंच काम. चालण्यात संथ तंतूंवर भागतं. त्यामुळे वर्षानुवर्षं नेमाने चालणाऱ्या माणसाचं हृदय उत्तम असतं, दम चांगला असतो, आणि तरीही ठेच लागली की तो सावरत नाही. चालणं सोडायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगितले आहेत, ते तुमचं चालण्यातून होतंय. पण त्याच शिफारशींत आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आहे, आणि ६५ च्या पुढे तोल व ताकद एकत्र साधणारा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. हा भाग बहुतेकांच्या वाचनातून निसटतो.

दुसरी गोष्ट कंडरांची. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, डॉक्टर ज्याला टेंडन म्हणतात तो. हिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश बळावते आणि सावकाश बरी होते. स्नायूला चार-सहा आठवड्यांत जोर येतो, कंडरेला तीन महिने लागतात. नव्या उत्साहाने व्यायाम सुरू करणारी माणसं दुसऱ्या महिन्यात का दुखावतात, त्याचं उत्तर इथे आहे: स्नायू म्हणतो अजून वजन घ्या, कंडरा अजून तिथवर पोचलेली नसते. चौथा ते आठवा आठवडा हा खरा जपायचा काळ. तेव्हा अंगात जोर वाटला तरी ठरल्यापेक्षा जास्त करू नका.

आधी आपण कुठे आहोत ते पाहा

तीन चाचण्या घरच्या घरी होतात. हात्यांशिवायची, ४३ ते ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पूर्ण बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयोगटात पुरुषांचे १४ पेक्षा आणि स्त्रियांचे १२ पेक्षा कमी भरले तर ते सरासरीखाली समजतात. ७० ते ७४ मध्ये हेच आकडे १२ आणि १० आहेत. तुम्ही ५८ चे, तेव्हा १४ किंवा १२ ही तुमच्यासाठी कमीत कमी अपेक्षा धरा.

दुसरी चाचणी एका पायावर उभं राहण्याची. भिंतीच्या हातभर अंतरावर उभे राहा, डोळे उघडे, हात बाजूला. प्रत्येक पायावर किमान १० सेकंद टिकलं पाहिजे. एका पायावर जमतं आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तर ते नोंदवून ठेवा.

तिसरी चाचणी तुमच्या पोटरीसाठी महत्त्वाची आहे, पण ती कळ पूर्ण थांबल्यावरच करा. भिंतीला फक्त बोटं टेकवून एका पायावर टाच पूर्ण उचला, खाली आणा, पुन्हा उचला. ठरावीक गतीने, गुडघा न वाकवता. पन्नाशी-साठीत वीसच्या जवळपास जमायला हवेत असं मी धरतो. दहाच्या आत टाच अर्धवट उचलली जायला लागली तर बसमागे धावणं त्या पोटरीला झेपणार नव्हतं, हे उघड आहे.

आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-पाऊण तास

दोन दिवसांत किमान ४८ तासांचं अंतर ठेवा. यंत्रं लागत नाहीत. एक खुर्ची, एक पायरी, रबरी पट्टा आणि वजन भरता येईल अशी पिशवी पुरते. सुरुवातीला प्रत्येक प्रकाराचे दोन सेट, महिन्याभराने तीन. प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ वेळा. वजन इतकं हवं की शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात, पण गरज पडली तर अजून दोन निघतील इतका जोर शिल्लक असावा. बारा वेळा सहज होऊन गप्पाही मारता येत असतील तर ताकद वाढणार नाही, वेळ जाईल.

खुर्चीवरून उठणं-बसणं हा सगळ्यांत मोलाचा प्रकार, म्हणून तो नीट सांगतो. सीटच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खुब्याएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. मग तळवा सगळीकडून जमिनीत दाबत एका दमात उठा. बसताना मात्र मनात तीन आकडे मोजत सावकाश. बहुतेकांची चूक शेवटच्या वीतभर अंतरात होते: तिथे मांडी हात टेकते आणि माणूस धपकन सीटवर पडतो. तो वीतभर भागच आपल्याला हवा आहे, कारण जिना उतरताना मांडीचा स्नायू असाच लांबत लांबत वजन पेलतो. गुडघे दुखणारे लोक चढण्यापेक्षा उतरण्याची तक्रार जास्त करतात, ती यामुळेच. दुसरी चूक म्हणजे उठताना गुडघे एकमेकांकडे झुकणं. गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा सैलसर बांधून तो बाहेर ढकलत उठलं की ही सवय दोन-तीन आठवड्यांत मोडते. बारा वेळा सोपं झालं की छातीशी दोन किलो धरा, मग चार, मग सहा. सहा आठवडे झाल्यावर एका सेटमध्ये उठणं मुद्दाम झपाट्याने करा आणि बसणं पूर्वीसारखंच सावकाश ठेवा. वेगवान तंतूंना जागं करायचा यापेक्षा सुरक्षित मार्ग नाही.

दुसरा प्रकार टाचा उचलण्याचा. पायरीच्या काठावर चवडे, टाचा बाहेर, कठड्याला हात. दोन आकड्यांत वर, एक आकडा थांबा, तीन आकड्यांत खाली, टाच पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत. एक सेट गुडघा ताठ ठेवून आणि एक सेट गुडघा थोडा वाकवून करायचा. ताठ गुडघ्याने पोटरीचा वरचा फुगीर स्नायू काम करतो, वाकवल्यावर त्याच्या खालचा चपटा. धावताना दोन्ही लागतात आणि खालचा सहसा दुर्लक्षित राहतो. वर जाताना वजन करंगळीकडे कलू देऊ नका, अंगठ्याच्या बुंध्यावर ठेवा. करंगळीकडे कलण्याच्या सवयीतूनच घोटा मुरगळतो.

तिसरा, खुब्यातून वाकायला शिकणं. एक काठी पाठीमागे उभी धरा, तिचा स्पर्श डोक्याला, दोन खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाडाला झाला पाहिजे. आता गुडघे जरासे ढिले सोडून बसकण मागे ढकलत पुढे झुका. तिन्हींतला एकही स्पर्श सुटता कामा नये. मांडीच्या मागे ताण जाणवला की तिथून परत वर. आठवडाभर नुसत्या काठीवर, नंतर हातात पिशवी घेऊन. काठीशिवाय हे आपोआप जमायला लागलं की तुमची बादली उचलण्याची पद्धतच बदलते.

बाकीचे प्रकार पटकन सांगतो. ओढणं: दाराच्या कडीला पट्टा अडकवून, कोपरं अंगाजवळ ठेवून मागे खेचा. ढकलणं: भिंतीवर हात टेकून, मग ओट्यावर, मग त्याहून खाली. वाहून नेणं: एकाच हातात पाच किलोची पिशवी घेऊन न कलता तीस पावलं, मग दुसऱ्या हाताने. हा शेवटचा प्रकार साधा वाटतो, पण कंबरेच्या बाजूचे स्नायू आणि पकड या दोन्हींना याच्याइतकं काम फार कमी व्यायाम देतात.

रक्तदाबाची गोळी चालू असताना एक पथ्य सक्तीचं: जोर लावताना श्वास रोखायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की दाब क्षणात वर उसळतो. उठताना, उचलताना, ढकलताना तोंडाने श्वास सोडा. मोठ्याने आकडे मोजले तर श्वास आपोआप चालू राहतो. छातीत दुखणं, वारंवार चक्कर, थोड्याशा श्रमाने धाप, यांपैकी काही असेल तर सुरुवात डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावरच.

वाढ करताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा. या आठवड्यात वजन वाढवलं तर संख्या तीच, संख्या वाढवली तर वेग तोच. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि दुखलं, तर कशाने दुखलं ते कळत नाही आणि मग सगळंच बंद होतं.

व्यायामाच्या आधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करा. म्हणजे आधी सावकाश आणि मग झपझप चालणं, खांदे फिरवणं, वजनाशिवाय दहा उठबशा. उभं राहून पाय ताणून अर्धा मिनिट धरून ठेवण्याने दुखापत टळते असा समज पक्का आहे, पण त्याला भक्कम आधार नाही. तसे ताण व्यायामानंतर घ्या, आखडलेल्या सांध्यांना बरं वाटतं.

आता वय झालं, या वयात ताकद कुठली वाढणार, असं कुणी म्हणेल. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा जड व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक झाली. अठ्ठावन्न हे फार लवकरचं वय आहे.

दुखणं किती चालेल?

हा प्रश्न न सोडवल्यामुळे लोक एकतर पहिल्याच कळीला व्यायाम सोडतात किंवा दात-ओठ खाऊन रेटत राहतात. शून्य ते दहा असं मनात माप धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखणं चालेल. ते दुखणं २४ तासांत मूळ पातळीवर आलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा नेहमीपेक्षा वाढलेला नसावा. तसं झालं नाही तर पुढच्या वेळी वजन किंवा संख्या तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. व्यायाम बंद करू नका. स्नायू भरून येणं वेगळं. ते दोन्ही बाजूंना सारखं, दाबल्यावर दुखणारं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं, टोचणारं, सांधा सुजवणारं दुखणं म्हणजे थांबायची खूण. वेदनाशामक घेऊन व्यायामाला लागू नका, कारण मग हे मापच हातात राहत नाही.

तुमच्या तीन दुखापती

कंबर. मणक्यांमधल्या चकत्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर किंवा थोडे जास्तच उंच असतो. फुगलेली चकती वाकण्याला जास्त विरोध करते आणि तिच्या कडांवर ताण जास्त येतो. ही जादा उंची उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच अर्ध्याच्या आसपास उतरते. १९९८ साली स्टोव्हर स्नूक आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या लोकांना उठल्यापासून पहिले दोन तास कंबरेतून वाकणं टाळायला शिकवलं आणि त्यांच्या दुखण्याचे दिवस कमी झाले. म्हणून बादली, गाद्या, जमिनीवरची सफाई, फुलझाडांच्या कुंड्या हे सगळं उठल्यावर निदान तासाभराने. तोंड धुताना बेसिनवर एक हात टेका, मोजे बसून घाला. उचलताना ओझं अंगाशी किती जवळ आहे याला वजनापेक्षाही जास्त महत्त्व आहे. दहा किलो पोटापासून दोन वीत लांब धरलं तर कंबरेला ते पोटाशी धरलेल्या दहा किलोपेक्षा कितीतरी पटीने जड होतं. बादली अर्धी भरून दोन खेपा करा, आणि उचलता उचलता वळू नका. आधी उचला, मग पावलं फिरवा. उसण भरलीच तर दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरूण धरू नका. दर तासाला घरातल्या घरात पाच मिनिटं चालणं हे औषधाइतकंच उपयोगी पडतं.

पोटरी. चाळिशी ते साठीत पोटरीच्या आतल्या बाजूला स्नायू आणि कंडरा जुळतात तिथे फाटणं फार नेहमीचं आहे. मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटतं. चालताना टाचेच्या कंडरेवर अंगाच्या वजनाच्या तिप्पट-चौपट ताण येतो, धावताना तो सहा ते आठ पटींवर जातो. रोज पाऊण तास चालणारा माणूस चौपटीला तयार असतो, आठपटीला नाही. सुरुवातीचे तीन-चार दिवस घट्ट पट्टी, पाय उंचावर, बर्फ लावायचा तर फडक्यातून पंधरा मिनिटं. या दिवसांत पोटरी चोळू नका, रक्तस्राव वाढतो. बुटात एक सेंटिमीटर उंचीची टाचेची गादी घातली तर चालणं सुसह्य होतं. नंतर बसून टाचा उचलणं, मग दोन पायांवर उभं राहून, मग एका पायावर. एका पायावर दुखऱ्या बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूच्या नव्वद टक्क्यांवर आला की जागच्या जागी छोट्या उड्या, आणि त्या दुखल्या नाहीत तर वीस सेकंद हळू धावणं आणि एक मिनिट चालणं, असं सहा वेळा. याला दोन ते तीन महिने लागतात. तोवर बस सुटली तर सुटू द्यावी.

एक सावधगिरी. टाचेच्या वर फाटल्याचा आवाज आला आणि चवड्यावर उभं राहताच येत नाही, तर पोटरीऐवजी टाचेची कंडरा तुटलेली असू शकते. पालथं झोपून दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. कोणत्याही आजारासाठी डॉक्टर प्रतिजैविक देत असतील तर साठीच्या आसपासच्या माणसाने एक प्रश्न जरूर विचारावा: हे फ्लुरोक्विनोलोन गटातलं आहे का? सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही त्यातली नावं. या गटाने कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, साठीपुढे आणि सोबत स्टिरॉइड चालू असताना जास्तच. त्या काळात आणि नंतरचे काही आठवडे उड्या, धावणं टाळायचं. औषध मात्र मनाने बंद करायचं नाही.

खांदा. हात सरळ, मागे आणि अंगापासून दूर, वर धड वळलेलं. खांद्याच्या छोट्या कंडरांना यापेक्षा वाईट स्थितीत ओझं देता येत नाही. वयानुसार या कंडरा विरत जातात, साठीपुढच्या कित्येकांच्या कंडरा थोड्या फाटलेल्या असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे तपासणीत झीज दिसली म्हणून लगेच शस्त्रक्रियेचा विचार मनात आणू नका. कोपर अंगाशी ठेवून पट्ट्याने आत-बाहेर फिरवण्याचे व्यायाम तीन महिने नेमाने केले तर बहुतेक खांदे कामाला लागतात. यापुढे बॅगेसाठी खाली उतरून मागचं दार उघडा. वरच्या फळीवरचं सामान काढताना पायाखाली भक्कम पायरी घ्या, म्हणजे कोपर वाकलेलं आणि ओझं छातीजवळ राहील. दुखऱ्या कुशीवर झोपू नका, वरच्या हाताखाली उशी घ्या. मात्र रात्री दुखणं वाढत असेल आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या दिशेला दुसऱ्यानेही फिरवता येत नसेल, तर तो आखडलेला खांदा असू शकतो. मधुमेहींत हा जास्त दिसतो आणि त्याचा इलाज वेगळा, रेटून व्यायाम केला तर चिघळतो.

तोल आणि घर

तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि पावलं-सांध्यांकडून मेंदूला जाणाऱ्या जाणिवा. तिन्ही हळूहळू मंदावतात, पण सरावाने त्यांच्याकडून जास्त काम काढता येतं. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटॅगो नावाचा घरगुती कार्यक्रम पायांची ताकद, तोलाचे व्यायाम आणि चालणं यांवर बेतलेला आहे, आणि त्याने वृद्धांचं पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी झालं. रोज दात घासताना एक मिनिट एका पायावर, एक मिनिट दुसऱ्यावर उभे राहा, हाताशी बेसिन असतंच. मग टाचेला चवडा जोडून दहा पावलं, मग तीच मान डावी-उजवीकडे वळवत. पूर्ण स्थिर उभं राहता येत असेल तर त्यातून सराव होत नाही. किंचित डगमगलंच पाहिजे, म्हणून आधार हाताशी हवा.

रात्री लघवीला उठताना पडणं ही सर्वांत टाळण्याजोगी दुर्घटना. आडव्याचं उभं झाल्यावर पहिल्या तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त उतरला तर त्याला वैद्यकात नाव आहे आणि त्यावर इलाज आहे. रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेवरची गुंगी आणणारी औषधं यांनी हे वाढतं. पलंगाच्या काठावर बसा, घोटे पंधरा वेळा वर-खाली करा, मग उभे राहा, आणि दहापर्यंत मोजून पहिलं पाऊल टाका. पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. घरी दाब मोजायचं यंत्र असेल तर आठवडाभर बसून आणि उभं राहून असे दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.

दूरचं-जवळचं एकत्र दाखवणारा चष्मा जिन्यावर दगा देतो. खाली पाहिलं की वाचनाची काच डोळ्यापुढे येते आणि पायरीची कड धूसर होते. मान खाली घालून वरच्या काचेतून पाहा, किंवा बाहेर चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा चष्मा वेगळा करा. जिन्याची शेवटची पायरी संपली असं वाटून टाकलेलं पाऊल, घसरणारं पायपुसणं, मागून सैल असलेली चप्पल, पायाच्या घोट्याखाली लोळणारा कपडा, ओली फरशी: या पाच ठिकाणी आजच नजर टाका.

डॉक्टरांकडे जायला कधी थांबू नये

घोटा मुरगळल्यावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी हवी. कंबरदुखीबरोबर बसण्याच्या जागेला बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा पायातला जोर जाणं असेल तर काही तासांत रुग्णालय. काही न होता एकच पोटरी सुजली, गरम झाली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा आजारपणात, तर तिला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टर, कारण रक्ताची गाठ असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचं डोकं आपटलं तर त्याला बरं वाटत असलं तरी तपासणी करायचीच.

आजारपणात पडून राहण्याचा हिशोबही लक्षात ठेवा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. म्हणून तापातही दिवसातून तीन-चार वेळा पलंगाच्या काठावर बसून पाय सरळ करणं, शक्य असेल तर पाच उठबशा. बरं झाल्यावर आधीच्या निम्म्या वजनापासून सुरुवात. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम लागतात, ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ७८ ग्रॅम, आणि ती एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत विभागलेली बरी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

शेवटचा सराव महिन्यातून दोनदा करा: जमिनीवर झोपून उठणं. पडल्यावर इजा नसतानाही, उठता येत नाही म्हणून माणसं तासन्तास पडून राहतात. आधी एक मिनिट निपचित राहून कुठे दुखतंय का ते पाहा. खुब्यात तीव्र कळ असेल किंवा एक पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर उठू नका, हाक मारा. नाहीतर कुशीवर वळा, वरचा हात छातीपुढे टेकून कोपरावर या, मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर. तसेच रांगत जड खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात सीटवर ठेवा, जास्त जोराचा पाय पुढे आणून तळवा पूर्ण टेकवा, श्वास सोडत हात आणि पाय दोन्हींनी दाब देऊन उठा आणि वळून खुर्चीतच बसा. लगेच उभे राहू नका. पहिल्यांदा करताना घरातलं कुणीतरी शेजारी असू द्या आणि गुडघ्यांखाली घडी केलेलं पांघरूण घ्या.